ढिला हूक

११ जानेवारी १९८८, सोमवार. जळगाव

आजपासून मी शालिग्रामच्या फर्निचर कारखान्यात सुपरवायझर. शालिग्राम म्हणजे माझ्या बायकोचा, लताचा, धाकटा भाऊ. कॉलेजातला आमचा विभाग बंद पडल्यावर भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचा बावीस वर्षांचा अनुभव घेऊन मी दोन महिने घरात बसलो होतो. लताच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात मी तिला शेगडीची ज्योत किती उंच असावी हे रोज शिकवत होतो. भावाला तिनेच सांगितलं असणार. शालिग्राम म्हणाला, "दाजी, माझ्याकडे हात चांगले आहेत, शिस्त नाही. तुम्ही तेवढी शिस्त लावा." मेहुण्याच्या हाताखाली काम करणं मला बोचतं का, हे प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. बोचतं. नकार देण्याइतकं बोचत नाही.

शिस्तीची सुरुवात मापापासून, म्हणून पहिल्याच दिवशी कारखान्यातल्या सगळ्या टेप टेबलावर मागवल्या. सात निघाल्या. एकीचे पहिले वीस आकडे पुसलेले. एक मधोमध मोडून काळ्या चिकटपट्टीने जोडलेली. एकीने रंगाचे डबे उघडतात, त्यामुळे तिचा हूक चमच्यासारखा वाकलेला. भिकन सुतार त्याच्या टेपने मशीनखाली गेलेले खिळे ओढून काढतो आणि फावल्या वेळात पाठ खाजवतो. एकीची स्प्रिंग मेलेली; ती हाताने आत ढकलावी लागते. या परिस्थितीत इथल्या खुर्च्यांना चार पाय असतात, हीच कमाल.

सगळ्यांत वाईट टेप सगळ्यांत जुन्या कारागिराची. हनीफ मिस्त्री, वय पन्नास-बावन्न. त्याच्या टेपचा सुरुवातीचा नऊ सेंटिमीटरचा तुकडाच नाही. मी विचारलं, "मिस्त्री, ही सुरू कुठून होते?"

"दहापासून, सर. दहाच्या रेघेवर नख धरायचं. शेवटी दहा वजा करायचे."

"आणि वजा करायला विसरलात तर?"

"चौदा वर्षांत विसरलो नाही," तो म्हणाला. मग टेप गुंडाळत, "आणि विसरलो तर दार दहा सेंटिमीटर मोठं होईल. ते दिसतं, सर."

उद्धट नव्हता. होता का? नक्की ठरवता येत नाही.

१३ जानेवारी, बुधवार

चार नव्या टेप आणल्या. चारींचे पुढचे हूक ढिले! बोटाने ढकलला की केसभर आत जातो, ओढला की केसभर बाहेर येतो. मोजलं, एक मिलिमीटर. म्हणजे या टेपचं शून्यच एका जागी बसत नाही. 'आधी उपकरणाचा शून्यदोष पाहा' हे वाक्य मी बावीस वर्षांत किती हजार वेळा उच्चारलं असेल! टेप बदलायला दुकानात परत गेलो. दुकानदाराने अख्खी पेटी पुढे ठेवली. सगळ्या ढिल्या. तो म्हणाला, "सर, बठ्ठ्या अश्याच येतस." एका कारखान्यात इतक्या सातत्याने निष्काळजीपणा होतो आणि ग्राहक गप्प बसतात. आपल्या देशाचं काय होणार ते या पेटीत दिसलं.

कारखान्यात सांगितलं की मी हे हूक पक्के करणार आहे. हनीफ रंधा थांबवून म्हणाला, "राहू द्या, सर. हलतो तोच बरा."

"का?"

"का ते नाही सांगता येणार. उस्ताद म्हणायचे, हूक हलायचा थांबला की टेप मेली."

"उस्तादांनी कारण सांगितलं होतं?"

"आम्ही विचारलं नाही. त्यांच्या हातात नेहमी पटाशी असायची."

सगळे हसले. मीही हसलो. पण कारण माहीत नसलेलं ज्ञान हे ज्ञान नव्हे, असं माझं मत आहे.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. कारखान्याला सुट्टी. लताने तिळगूळ दिला, "गोड बोला" म्हणाली आणि मी हातोडी घेऊन निघालो हे पाहून पुढचं बोलली नाही. चारही टेपचे हूक आत सरकवून रिबिटांवर ठोकले. आता हूक जागचा हलत नाही. मग कॉलेजातून निरोपाच्या वेळी मिळालेली पोलादी पट्टी काढली. टेपचं टोक आणि पट्टीचं टोक भिंतीला टेकवून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. चारही टेप शेवटच्या रेघेपर्यंत तंतोतंत जुळल्या. खात्रीसाठी तीनदा पाहिलं.

खूप दिवसांनी एखादं काम पूर्ण केल्यासारखं वाटलं.

१६ जानेवारी, शनिवार

मुंबईला टेपच्या कंपनीला पत्र टाकलं. इंग्रजीत, दोन पानं, सात मुद्दे, एक आकृती. शेवटी लिहिलं की दोष कसा दूर करावा हे मी विनामूल्य कळवू शकेन. हे वाक्य जरा आढ्यतेचं झालं का? पाकीट चिकटवल्यावर सुचलं.

१९ जानेवारी, मंगळवार. धुळे

मोठं काम आहे. पितांबर वैद्यांच्या नव्या दवाखान्यात दोन भिंतींच्या मधल्या जागेत औषधांचं कपाट बसवायचं. सहा ओळी, ओळीत चोवीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक ड्रॉवर. शालिग्राम म्हणतो, हे नीट झालं तर धुळ्यातले बाकीचे दवाखाने आपल्याकडे येतील. जागेची रुंदी मी स्वतः मोजली. टेप भिंतीला टेकवून पाच वेळा. वैद्यबुवा खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, "सर, भिंत काही नाडी नाही. दर वेळी तेवढीच लागेल."

प्रत्येक कप्पा आतून एकशे वीस मिलिमीटर. ड्रॉवर एकशे एकोणीस, म्हणजे सरकायला एक मिलिमीटर मोकळा. हे हनीफचं म्हणणं. त्याच्या हाताला तेवढं पुरतं म्हणे. दोन भिंतींच्या मध्ये कपाट बसवताना एकूण चार मिलिमीटर सोडायचे. सगळं कागदावर उतरवून वैद्यबुवांची सही घेतली. ते म्हणाले, औषधापेक्षा पथ्य जास्त दिसतंय.

२८ जानेवारी, गुरुवार

काम जोरात. कप्प्याच्या दोन उभ्या फळ्यांमध्ये बसणाऱ्या आडव्या पट्ट्या भिकन कापतोय. कालपर्यंत तो एक पट्टी मोजून कापायचा आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून. मी थांबवलं. प्रत्येक पट्टीला टेपचा हूक अडकवून वेगळं माप घ्यायचं.

"सर, एक बरोबर व्हयनी का बठ्ठ्या बरोबर व्हतीस," भिकन म्हणाला.

"आणि ती एक चुकली तर?"

"ते बठ्ठ्या सारख्या चुकतीस. मंग बी बसतीस."

या तर्काला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

गेल्या आठवड्यात नवी वही सुरू केली: चुकांची वही. रकाने असे: तारीख, काम, चूक कोणाची, चूक किती, कारण, सही. आठ दिवस कोरी आहे. शालिग्रामला दाखवली. "दाजी, कोरी वही काय दाखवता?" म्हणाला. कोरी आहे हेच दाखवत होतो.

जुन्या टेप डब्यात बंद केल्या. हनीफची तेवढी राहिली. ती घरी विसरतो म्हणतो. त्याचं विसरणं आता अगदी नियमित झालं आहे. त्याला नवी चार नंबरची टेप दिली आहे. ती त्याच्या खिशात इतकी नवी दिसते की वापरत असेल का, अशी शंका येते. माणसावर विनाकारण संशय घेऊ नये.

९ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रॉवर कप्प्यांत जात नाहीत.

एकही जात नाही. टोक आत शिरतं आणि अडतं. भिकनने एकावर गुडघा दिला, तेव्हा फळी कण्हली. हनीफ एक ड्रॉवर हातात फिरवत होता. वाण्याने आपलंच नाणं खोटं म्हणून परत केल्यावर माणूस पाहील तसा.

१० फेब्रुवारी, बुधवार

आज सर्वांसमक्ष तपासणी केली. निरीक्षणं:

भिकनची पट्टी: हूक अडकवून मोजली, एकशे वीस. बरोबर.

हनीफचा ड्रॉवर: हूक अडकवून मोजला, एकशे वीस. हवा होता एकशे एकोणीस.

म्हणजे सरकण्यासाठीचा एक मिलिमीटर हनीफने सोडलाच नाही. त्याच्या कोटाची झडती घ्यायची वेळ आली नाही. त्याने स्वतःच जुनी टेप काढून ठेवली. सगळे ड्रॉवर तिच्यावर केले म्हणाला. नियमभंग कबूल.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. कप्पा आतून टेप टेकवून मोजला तर एकशे एकोणीस येतो. एकशे वीसच्या पट्टीने एकशे एकोणीसचा कप्पा कसा होईल? लाकूड दबलं असावं, किंवा स्क्रू जास्त आवळले गेले. मुख्य मुद्द्याशी याचा संबंध नाही.

हनीफ एवढंच म्हणाला, "सर, माझा ड्रॉवर एकदा माझ्या टेपनं मोजाल?"

मी म्हणालो, ज्या टेपला शून्यच नाही तिची साक्ष काय घ्यायची? हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं. भिकनलाही वाटलं असावं, त्याने मान खाली घातली.

वहीत पहिली नोंद झाली. चूक कोणाची: हनीफ मिस्त्री. किती: एक मि.मी., ड्रॉवर एकशे चव्वेचाळीस. कारण: अनधिकृत टेप. हनीफने मराठीत सही केली, एकेक अक्षर सुटं. शालिग्रामने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ते मी सुचवलं नव्हतं. अडवलंही नाही.

जाताना त्याने चार नंबरची टेप माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्या दिवशीइतकीच कोरी.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

भिकन एकशे चव्वेचाळीस ड्रॉवर रंध्याने तासतोय. आता जातात. माझं निदान बरोबर ठरलं.

भिकन दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो. तेही कमी.

१८ फेब्रुवारी, गुरुवार. धुळे

कपाट बसवलं. चार मिलिमीटर फट राहायला हवी होती. अठ्ठावीस राहिली.

डावीकडे चिकटवलं तर उजवीकडे दोन बोटं जातात. उजवीकडे चिकटवलं तर डावीकडे. वैद्यबुवांनी चष्मा लावून पाहिलं, मग काढून पाहिलं. "सर, भिंत सरकली का?" मी जागा पुन्हा मोजली. भिंत जागच्या जागी होती. मग कपाट मोजलं. ते कमी होतं.

आणि हनीफ आता कामावर नाही, त्यामुळे त्याने केलं असंही म्हणता येईना.

वैद्यबुवा शेवटी म्हणाले, "राहू द्या. पंचांग ठेवायला जागा नव्हती, ती झाली." माणूस चांगला आहे. असली चांगली माणसं फार त्रास देतात.

येताना एसटीत पारोळ्यापर्यंत उभा होतो. चोवीस मिलिमीटर जास्त. ओळीत कप्पे चोवीस. दर कप्प्याला एक. हा आकडा योगायोगाने येत नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. पाकिटावरच माझ्या नावाआधी 'प्रोफेसर' घातलंय, ते पाहून बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढच्या मिनिटाला जे वाचलं ते उतरवल्यावर हे लिहायचा धीर होणार नाही.

आत एक छापील पत्रक आणि चार ओळी. मराठीत असं: हूक ढिला ठेवलेला असतो तो मुद्दाम. तो स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो. टेप भिंतीला टेकवली की आत जातो, म्हणजे हुकाची जाडी मापात धरली जाते. वस्तूच्या कडेला अडकवून ओढली की बाहेर येतो, म्हणजे जाडी वगळली जाते. त्यामुळे दोन्ही मापं खरी येतात. कृपया हूक पक्का करू नये.

मी तो आत सरकवून पक्का केला होता. म्हणून टेकवून मोजलेलं सगळं बरोबर: कॉलेजची पोलादी पट्टी, भिंत, कप्पा. अडकवून मोजलेलं सगळं एक मिलिमीटर कमी. भिकनच्या पट्ट्या एकशे एकोणीस होत्या. मी एकशे वीस वाचले. हनीफचे ड्रॉवर एकशे एकोणीसच होते. मी एकशे वीस वाचले.

त्या अख्ख्या कपाटात बरोबर मापाची एकच गोष्ट होती. ती मी तासायला लावली.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज शालिग्रामला सांगायचं होतं. तो गडबडीत होता. खरं तर चहा पीत होता.

२४ फेब्रुवारी, बुधवार

कबुलीजबाबाचा मसुदा केला. पहिला फार लांब झाला. दुसऱ्यात शून्यदोषाची व्याख्या आली. तिसऱ्यात कंपनीने हे टेपवर छापायला हवं होतं असं लिहिलं. चौथा लताने वाचला.

"यात हनीफ कुठे आहे?" तिने विचारलं.

शोधलं. दुसऱ्या पानावर होता, कंसात.

"तुम्ही बिचारे किती प्रामाणिक, हे चांगलं उतरलंय," ती म्हणाली आणि मसुद्यावर भाजी निवडायला बसली.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

शालिग्रामला सांगितलं. त्याने पत्रक दोनदा वाचलं.

"दाजी, हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुला. लताला."

"मग झालं की. नोंद झालीय, कपाट गेलंय, वैद्य खूश आहे. मिस्त्री काय, कुठेही काम मिळेल त्याला. मी चार जणांना सांगितलंय मिस्त्रीचं माप चुकलं म्हणून, आता परत काय सांगू? माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं चुकलं?"

त्यात तथ्य होतं. पंधरा मिनिटं मला ते पटलंही. ती पंधरा मिनिटं बरी गेली.

मग भिकनला विचारलं, मिस्त्री आता कुठे आहे. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पाचोराले ग्या व्हता कामले. त्यासनी इचारं, तोच का तू, ज्याना ड्रॉवर बसनात नही? परत उना."

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारच्या नमाजानंतर पिंपराळ्याला त्याच्या घरी गेलो. अंगणात हनीफ कोणाची तरी बाज ठीक करत होता. त्याची बायको खातून दारात आली. "कौन है" म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं, तर ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवू लागली.

मी सगळं सांगितलं. या वेळी व्याख्येशिवाय. खिशातून पत्रक काढून आकृती दाखवली. हनीफने ती बराच वेळ पाहिली. हुकावर बोट ठेवून आत-बाहेर केल्यासारखं केलं.

"म्हणजे उस्तादांना हे माहीत होतं," तो म्हणाला. आनंदाने म्हणाला! मी त्याची पोटापाण्याची सोय घालवली होती आणि हा उस्तादांच्या बाजूने निकाल लागला म्हणून खूश.

मी म्हणालो, "मिस्त्री, मला माफ करा."

त्याने काथ्याची गाठ ओढली. "इथं नको, सर. इथं माझी कुठं बेइज्जती झाली होती? जिथं सही घेतली तिथं बोला."

आतून खातून म्हणाली, "और वो पाचोरेवाले को भी बोलो."

चहा मिळाला. साखर कमी होती; बहुतेक मुद्दाम.

२७ फेब्रुवारी, शनिवार

शालिग्रामला म्हणालो, सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. चालणार नसेल तर आजच जातो, गेल्यावर सांगेन. त्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "अक्काला सांगू नका मी आधी नाही म्हणालो ते." लताला तो जन्मापासून घाबरतो. पहिल्यांदाच मला त्याचा उपयोग झाला.

पाचोऱ्याच्या कारखानदाराला पोस्टकार्ड टाकलं. दोन वाक्यं. ड्रॉवर बरोबर होते. टेप मी बिघडवली होती.

२९ फेब्रुवारी, सोमवार

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस. कारखान्यात सगळे उभे. हनीफ दाराशी, आत न येता.

पत्रक मराठीत वाचून दाखवलं. मग भिकनने कापलेल्यांतली एक उरलेली पट्टी घेतली आणि म्हणालो, "मिस्त्री, तुमची टेप द्या." हनीफने दिली. दहाच्या रेघेवर नख धरलं; माझं नख दोनदा सरकलं. रेघ आली एकशे एकोणीसवर, शंभर वजा करून.

भिकनने विचारलं, "मंग चूक कोननी शे?"

त्याला ठाऊक होतं. ऐकायचं होतं.

"माझी."

चुकांची वही उघडली. पहिली नोंद खोडायला पेन उचललं, तर हनीफ आत आला. "खोडू नका, सर. खोडलं तर लोक म्हणतील, मिस्त्रीनं रडून खोडायला लावलं. ती राहू द्या. खाली तुमची लिहा."

लिहिली. काम: वैद्यांचं कपाट. चूक कोणाची: सुपरवायझर. कारण: हलायला हवं ते पक्कं केलं, आणि सांगणाऱ्याचं ऐकलं नाही. चूक किती: एक मि.मी.

सही करून वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सावकाश वाचली, ओठ हलवत. मग 'चूक किती' या रकान्यावर बोट ठेवलं.

"एकोणीस दिवस पण लिहा."

मोजले. दहा तारखेपासून आज एकोणीस होतात. त्याने माझ्यासारखं पाच वेळा मोजलं नसणार, तरी बरोबर होते.

रकाना मिलिमीटरसाठी आखला होता, अरुंद. त्यात दिवस मावेनात. रेघ ओलांडून शेजारच्या सहीच्या रकान्यात लिहावं लागलं, माझ्याच सहीवर.

हनीफने वही मिटली, कोट खिळ्याला लावला आणि चार नंबरची टेप मागितली. खिळे दाबायच्या पोगराने रिबिट जरासं उचकटलं, हूक बोटाने ढकलला, ओढला, पुन्हा ढकलला. भिकनकडे फेकली.

"घे. जिवंत झाली."